अकरा जूनचा अर्धा तास

एटापल्ली
१४ जानेवारी २०२५

नाजिया,

प्रिय वगैरे लिहीत नाही, तुला हसू येईल. नंबर तू ब्लॉक केलास, मेल परत येतात, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पत्ता तुझ्या अम्मीकडून, रशिदा चाचींकडून घेतला. चंद्रपूरला गेले होते तेव्हा तुमच्या घरी गेले. चाचींनी चहा दिला, खारी दिली, आणि पत्त्याचा कागद हातात देताना एवढंच म्हणाल्या, "उसको परेशान मत करना, बेटा." परेशान करायला लिहीत नाही. काम आहे.

हैदराबादच्या कंपनीत शेकडो सर्व्हर सांभाळतेस म्हणे. छान. इथे आपलं अजून तेच एक यंत्र, ग्रामसभांच्या महासंघाच्या ऑफिसात तांदळाच्या कोठीशेजारच्या मांडणीवर. तू गेल्यापासून त्याचं सगळं मीच बघते. साईटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट आपोआप नवं व्हायला पाहिजे, पण त्याची वेळ येते तेव्हाच नेमकी लाईन गेलेली असते. मग सकाळपासून तेवीस गावांचे फोन, "बाई, साईट धोक्याची हाय म्हणते." मागच्या उन्हाळ्यात पंख्यात मुंग्यांनी घर केलं, तेही मीच साफ केलं. कोणाला काय दाखवायचं ते यंत्राला सांगणारी, तू लिहिलेली कॉन्फिग फाईल मात्र तशीच ठेवली आहे, जवळजवळ.

आता कामाचं. सुकरीची केस पुन्हा उघडली आहे.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण हल्ली मला सगळं कागदावर मांडायची सवय लागली आहे. २०२२ च्या हंगामात तेंदूपत्त्याच्या फळीवर, जिथे बायका पुडके मोजून देतात तिथे, कंत्राटदाराचा मुन्शी बायकांच्या अंगाला हात लावायचा. जी ओरडेल तिचे पुडके बाद. अकरा जणींनी महासंघाकडे जबाब दिले, अंगठे लावले. सुनावणी होईपर्यंत नावं बाहेर जाणार नाहीत असा शब्द आपण दिला होता. मी आणि तू, दोघींनी. ते जबाब स्कॅन करून आपल्याच यंत्रावर ठेवले. वीस जूनला कोणीतरी ते सगळेच्या सगळे उतरवून घेतले आणि बावीसला भर बाजारात, मिठाच्या दुकानासमोर उभं राहून कंत्राटदाराच्या माणसाने अकरा नावं गावासकट वाचून दाखवली. दहा जणींनी जबाब मागे घेतले. सुकरीने घेतला नाही. तिच्या नवऱ्याने तिची भांडी बाहेर ठेवली. तेव्हापासून ती ऑफिसच्या मागच्या खोलीत राहते आणि आमच्या सभांचा स्वयंपाक करते.

आता जिल्ह्याची नवी समिती बसली आहे. ती म्हणते, दहा जणींनी दबावाखाली माघार घेतली हे दाखवा. कागद कंत्राटदाराच्या माणसांनीच नेले हे दाखवा. ते दाखवणारी एकच गोष्ट जगात आहे, यंत्राची नोंद. कोण आलं, कधी आलं, काय उघडलं, याच्या ओळी. यंत्रावरच्या ओळी चौदा दिवसांनी पुसल्या जातात. जागा वाचावी म्हणून आपणच तसं लावलं होतं. पण तेवीस जूनला तू त्या पेन ड्राईव्हवर घेतल्यास. मी पाहिलं होतं.

बांबूच्या लिलावात बोली लावायला कंत्राटदाराचं ऑफिस ज्या कनेक्शनवरून यायचं, त्याचा नंबर आमच्या कागदांत आहे. तोच नंबर वीस जूनच्या ओळींत निघाला की झालं. मला फक्त वीस तारखेच्या ओळी पाठव. बाकीचा कचरा नको. सुनावणी एप्रिलमध्ये आहे.

संघप्रिया

ता. क. तुझ्याबद्दल इथे आता कोणी काही बोलत नाही.


एटापल्ली
९ फेब्रुवारी २०२५

नाजिया,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पावणेतीन वर्षांनी लिहिलंस आणि काय लिहिलंस, "फक्त वीसच तारीख काऊन?"

तुझी ही खोड जुनी. चंद्रपूरला क्लासमध्येसुद्धा सर बोलत असताना तू मध्येच एक प्रश्न टाकायचीस आणि मग शांत बसायचीस. सगळा वर्ग घामाघूम.

कारण सरळ आहे. समितीत सगळेच काही आपल्यासारखे नाहीत. दोन आठवड्यांच्या ओळी पुढ्यात टाकल्या तर ते गोंधळतील. त्यात निम्म्याहून जास्त ओळी यंत्राच्या स्वतःच्याच. आठवतं ना, लाईन जाते म्हणून आपण लावलं होतं, दर मिनिटाला यंत्र स्वतःलाच विचारतं, जिवंत आहेस का. दिवसाला चौदाशे चाळीस वेळा. एवढा चोथा कोण वाचणार? हे कारण पुरेसं आहे.

आणि आता विषय निघालाच आहे तर कागद फुटल्यावर झालेल्या त्या सभेचंही लिहिते. तुला वाटत असेल मी तुझं नाव घेतलं. मी घेतलं नाही. यंत्र घरून उघडायची चावी फक्त तुझ्याकडे होती हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तुझं नाव आलं. मी तर यंत्रासमोर बसल्याशिवाय काहीच करू शकत नव्हते. तू भावाच्या, नबीलच्या लग्नाला आठवडाभर चंद्रपूरला होतीस, त्यावरून लोकांनी हिशोब जुळवला. मागून कोणीतरी म्हणालं, "त्याह्यचं काय, इकून टाकलं असन." त्याह्यचं म्हणजे कोणाचं, ते तुला सांगायला नको. तो शब्द मी ओळखते. शाळेत तो आमच्यासाठी वापरलेला ऐकला आहे, ग्लास वेगळा ठेवतानाच्या आवाजात.

तुला त्या दिवशी येऊ नको म्हणून निरोप दिला होता, त्यामुळे तुला माहीत नसेल कसं झालं. इथे हात वर करून काही ठरत नाही. बायनाबाई अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, नाजियाने यंत्राला हात लावू नये. मग रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, "कोनाचं म्हननं वेगळं हाय का?" तीनदा विचारून कोणी बोललं नाही की ते सर्वांचं म्हणणं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी माझ्या ओढणीची गाठ सोडत होते. दुसऱ्यांदा बायनाबाईंनी माझ्याकडेच पाहिलं. तिसऱ्यांदा बाहेर ट्रॅक्टर गेला.

मी बोलले नाही. खोटंही बोलले नाही.

सुकरी रोज विचारते, "आली का चिठ्ठी?" काल पोस्टकार्ड दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिने उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "येवढुसंच? मंग तिले राग हाय अजून." मी म्हटलं, असेल. "कोनाचा?" म्हणाली. मी भात पाहायला उठले.

वीस तारखेच्या ओळी पाठव.

संघप्रिया


एटापल्ली
३ मार्च २०२५

नाजिया,

पेन ड्राईव्ह पोचला. सोबत चिठ्ठी नाही, नाव नाही. नऊ जून ते तेवीस जून, पूर्ण. मी मागितलं त्याच्या पंधरापट पाठवलंस.

वीस तारखेच्या ओळी आहेत. सकाळी नऊ वाजून सात मिनिटांपासून पुढे, एकामागून एक अकरा जबाब, कंत्राटदाराच्याच कनेक्शनवरून. सुकरीला बोलावून दाखवलं. तिने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यातली मी कोन्ती?" मी सातवी ओळ दाखवली. तिने वाकून पाहिलं. मग म्हणाली, "लहानशी हाय."

पण खरं सांगते, पेन ड्राईव्ह लावल्यावर मी आधी वीस तारीख उघडली नाही. आधी अकरा उघडली. सुकरीला हाक मारायच्या आधी, दार लोटून.

अकरा वाजून एकतीस मिनिटं. त्याच्या खालची ओळ बारा वाजून एक मिनिट. मधलं काहीच नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. इतकी वर्षं तुला माहीत होतं.

तेवीस जूनला तू यंत्रासमोर बसून ओळी पाहत होतीस, मी तुझ्या पाठीशी उभी होते. तू एके ठिकाणी थांबलीस. मग वळून विचारलंस, "जेवली का?" बस. मी समजले तुला काही दिसलं नाही. तसं समजणं सोयीचं होतं. आता कळतं की तू विचारत काय होतीस आणि मी सांगितलं काय. मी म्हटलं होतं, हो, जेवले.

तर ऐक. तू कापलेला अर्धा तास मी लिहिते.

बांबूच्या लिलावाची सूचना साईटवर टाकली होती. टेकडीवरच्या चार गावांना ती दिसेना. तिथे एका दगडावर उभं राहिलं तर एक काडी रेंज मिळते, आणि आपलं पान जड, वर तू टाकलेला तो ढोलांचा फोटो. फोन आला, "बाई, चक्का फिरूनच राह्यला." तुझा फोन लागेना, तुझ्या घरी हळद होती. आणि लागला असता तरी, खरं सांगू, मला तो लावायचा नव्हता. प्रत्येक वेळी तुलाच विचारायचं. कॉन्फिग तुझी, चावी तुझी, गावातले लोकसुद्धा म्हणायचे, मोठी बाई कुठी हाय? मोठी म्हणजे तू. वयाने मी मोठी.

म्हणून मी कॉन्फिग उघडली. पान वगैरे काही नको, फायलींची नुसती उघडी यादी दिसू दे, म्हणजे एका काडीवरही उघडेल, असा विचार केला. विचार चुकीचा नव्हता, आजही म्हणते. पण ती ओळ "सूचना" या फोल्डरवर लिहायची, ती मी त्याच्या वरच्या "कागद" या फोल्डरवर लिहिली. एक पायरी वर. सूचनांच्या शेजारीच जबाब होते. एका ओळीने दोन्हीची दारं उघडली.

यंत्राला नवी कॉन्फिग वाचायला लावली, मोटारसायकलवर मागे बसून टेकडीवर गेले, दगडावर चढले आणि माझ्या फोनवर पाहिलं. आधी तिथे चारशेतीन यायचं, म्हणजे आत येऊ नका. अकरा बेचाळीसला दोनशे आलं, म्हणजे या. यादी भराभरा उघडली. खालच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. नाजिया, माझ्यासाठी आयुष्यात कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी फक्त सूचनांवर बोट ठेवलं. शेजारच्या नावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी परत येऊन बंद करणार होते. केलं नाही, विसरले. नऊ दिवस ते दार उघडं होतं.

माझा तो जुना फोन, ज्याचं मॉडेल अख्ख्या एटापल्लीत दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, त्याचं नाव अकरा बेचाळीसच्या ओळीत आलं असणार. तू चंद्रपूरला नवरीच्या घरी मिठाई पोचवत होतीस तेव्हा. तू निर्दोष आहेस हे सांगणारी ती एकच ओळ होती आणि ती तू स्वतःच्या हाताने काढलीस.

तुला कोणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का? मला हे वाचून रडू यायला पाहिजे होतं, मला तुझा राग आला. अजून येतो आहे. एवढं मोठं उपकाराचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून तू हैदराबादला गेलीस, आणि मी इथे मनातल्या मनात तुलाच शिव्या देत होते की चावी घेऊन पळाली.

आणि आता बघ काय झालं. दर मिनिटाला जिवंत आहेस का विचारणारं यंत्र तीस मिनिटं गप्प कसं? त्या दिवशी लाईन गेली नव्हती, वीज कंपनीची नोंद आहे. समितीतले तांत्रिक सदस्य एक नजर टाकतील आणि विचारतील, हे कोणी कापलं? आणि एक जागा कापलेली असेल तर वीस तारीख खरी कशावरून? सुकरीच्या अकरा ओळी त्या अर्ध्या तासाबरोबर वाहून जातील.

वीसच तारीख पाठव असं मी का लिहिलं ते आता तुला कळलंच आहे. आधीच कळलं होतं. नुसत्या वीस तारखेचा तुकडा तर समितीने दारातूनच परत केला असता, हेही मला माहीत होतं. तरी मागितला.

न कापलेली प्रत असेल तर पाठव. अकरा तारखेसकट. माझ्या फोनसकट.

संघप्रिया


एटापल्ली
६ एप्रिल २०२५

नाजिया,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मूळ प्रत नाही. त्याच दिवशी कापलं, दुसरी प्रत ठेवली नाही. आणि मग ती शेवटची ओळ, "मले वाटलं तू सभेत सांगशील. तुझं तू सांगावं, फाईलनं सांगू नये."

ती मी किती वेळा वाचली ते लिहीत नाही.

तीस मार्चला सभा झाली. मी उभी राहिले आणि सांगितलं. टेकडी, दगड, एक पायरी वर, नऊ दिवस, सगळं. सभेत गप्प बसले तेही. ज्याने मागच्या वेळी "त्याह्यचं काय" म्हटलं होतं तो माणूसही बसला होता, तो आपल्या चपलेकडे बघत होता. मला वाटलं होतं कोणी ओरडेल. बायनाबाई म्हणाल्या, "तीन साल आमच्यासंगं जेवत राह्यली बाई तू." आवाज चढवला नाही. मी म्हटलं, हो.

ठरलं ते असं. यंत्राची चावी माझ्याकडून काढून घ्यायची. तुझ्यावरचा ठराव रद्द करायचा. आणि मी समितीला सगळं लिहून द्यायचं. तीनदा विचारलं, कोणाचं म्हणणं वेगळं निघालं नाही. माझंही नव्हतं.

एक एप्रिलला गडचिरोलीला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीच्या टेबलाशी बसल्यावर कळलं की आपण काय करतो आहोत. माझी चूक लिहिली, तो सोपा भाग होता. मग प्रश्न आला, अकरा तारखेचा अर्धा तास कुठे गेला? मी कापला असं लिहू शकले असते. खूप वाटलं लिहावं. पेन हातात धरून बसले, नोटरीने दोनदा घड्याळ पाहिलं. पण यंत्राची चावी, पेन ड्राईव्ह, तारखा, सगळं तुझ्याकडे बोट दाखवतं. माझं एक खोटं सापडलं की सुकरीचं खरंही गेलं.

म्हणून लिहिलं. "सदर नोंदी नाजिया अयूब शेख यांनी दिनांक २३ जून २०२२ रोजी, मला वाचवण्यासाठी, काढून टाकल्या." तुझं पूर्ण नाव. माझ्या अक्षरात.

पहिल्या वेळी मी गप्प बसून तुला घालवलं, आता बोलून घालवते आहे. तुझ्या कंपनीला हे कळेल. अशा गोष्टी कळतातच. तूच मला पहिल्या महिन्यात सांगितलं होतंस, कॉन्फिग कोणाचीही चुकते, पण ज्याने लॉगला, यंत्राच्या नोंदीला, हात लावला त्याला परत कोणी सर्व्हरजवळ उभं करत नाही. चाचींना काय सांगशील? मला लाज वाटते. झोप लागते, जेवण जातं, आणि तरी दिवसभर लाज वाटते, हे कसं असतं ते मला आधी माहीत नव्हतं.

समिती म्हणते, संघप्रियाचं प्रतिज्ञापत्र एकटं पुरणार नाही. जिने नोंद कापली तिने स्वतः येऊन सांगायला हवं की एवढंच कापलं, बाकीला हात लावला नाही. तरच वीस तारीख उभी राहील. तरच सुकरीचा जबाब उभा राहील, आणि सुकरीचा राहिला तर दोघीतिघी परत यायला तयार आहेत, एकीने तसा निरोपही धाडला आहे. सुनावणी सतरा एप्रिल, सकाळी अकरा.

सुकरीचं सांगायचं राहिलं. सभेनंतर तिने मला रोजच्यासारखंच ताट वाढलं. मी भांडी घासायला घेतली तर हातातून काढून घेतली. आज मी हे पत्र लिहायला बसले तर येऊन शेजारी बसली. विचारलं, "तिची नोकरी जाईन का?" मी म्हटलं, बहुतेक जाईल. मग म्हणाली, "लिव. मी सांगतो तसं लिव, तुह्या मनचं नोको टाकू." तिचं तसंच्या तसं लिहिते:

"नाजियाबाईले लिव, येऊ नोको. तुहं घर हाय, नोकरी हाय. माह्यापायी आनखीन एका बाईचं नाव कोनी वाचाचं नाई. मी एकटीच सांगतो. मले आता एकटीनं सांगाची आदत हाय."

हे तिचं म्हणणं. तिने अंगठा लावायचा हट्ट धरला, खाली लावला आहे.

मी तुला ये म्हणते. नोकरी जाईल हे माहीत असून म्हणते.

संघप्रिया